जिवंत माणसाला घातलेला हार

लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा कॉलनीतल्या बायकांनी माझं नाव पाडलं, नागपूरवाली. खरं तर मी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातली. नागपूर पाहिलं ते इकडे येणाऱ्या गाडीच्या खिडकीतून, तेवढंच. पण हे सांगायचं कोणाला? तोंड उघडलं की 'मले', 'तुमाले' बाहेर पडायचं आणि नळावर हशा व्हायचा. वाईट हसत नव्हत्या त्या. तरी मी हळूहळू बोलणंच कमी केलं. नवरा कारखान्यात, बहुतेक दुसऱ्या पाळीला. तो गेला की खोलीत भिंती आणि मी. माहेर इतकं लांब, की आठवण आली तरी तिचं करायचं काय ते कळत नसे.

शाळा माझी चौथीतच सुटली होती. त्यामुळे शेजारच्या ओळीतल्या शिक्षिकाबाईंसमोर उभं राहायचं म्हटलं तरी मला धडकी भरायची. सगळी कॉलनी त्यांना नुसतं बाई म्हणायची. त्या वर्षी एप्रिलात, जयंतीच्या आठवड्यात त्यांनी समाजमंदिरात बायकांसाठी कार्यक्रम ठेवला, जगातल्या थोर माणसांची ओळख. मासिकांतली चित्रं कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांनी तसबिरी केल्या होत्या. कामं वाटता वाटता त्या माझ्यापाशी थांबल्या.

"तुला काय येतं गं?"

"फुलं ओवता येतात."

"मग हार तुझ्याकडे. तूच बघ सगळं."

नाशिकला आल्यापासून कोणी मला पहिल्यांदाच काम सांगत होतं. आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग भीती. यात चुकलं तर पुन्हा कोण विचारणार?

शेजारच्या मावशी माझ्याबरोबर नदीकाठच्या फुलबाजारात आल्या. त्या सिन्नरकडच्या. "झेंडू घे," म्हणाल्या, "शेवंती दुपारपर्यंत मान टाकती. आन लय घासाघीस करू नको, तुझं बोलणं ऐकून तो भाव वाढवील."

सगळ्यांच्या आधी जाऊन मी तसबिरींना हार घातले. माझ्या माहेरी भिंतीवर दोनच तसबिरी, एक भगवंतांची, एक ज्यांची ही जयंती त्या बाबांची. दोन्हींना कायम हार. तसबीर म्हटली की हार, एवढं मला माहीत. इथे मात्र सगळे चेहरे परके. गुलामांना मोकळं करणारा उंच दाढीवाला. काळ्या झग्यातली शास्त्रज्ञ बाई. शेवटी एक काळासावळा माणूस, भरल्या गालांचा, केसांत भांग पाडलेला. तो थेट माझ्या काकासारखा दिसत होता. सगळ्यात दाट हार मी त्याला घातला.

बायका जमल्या. बाई एकेका तसबिरीपाशी जाऊन सांगत होत्या. त्या शास्त्रज्ञ बाईने जे शोधलं त्यानेच तिचं शरीर पोखरलं, पण दवाखान्यात आजही तिचा शोध माणसं वाचवतो. मी कान देऊन ऐकत होते. शेवटच्या तसबिरीपाशी बाई अडखळल्या.

"याला हार कोणी घातला?"

"नागपूरवालीनं," कोणीतरी म्हणालं.

"अगं, हा माणूस जिवंत आहे!"

"मारला की गं तू त्याला!" मागून आवाज आला, आणि समाजमंदिर हसण्याने भरून गेलं.

"काऊन जी, तसबीर तं तुमीच लावली ना!" माझ्या तोंडून निघून गेलं. मग तर विचारूच नका.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हार काढून माझ्या हातात दिला. तो कुठे ठेवावा मला कळेना. मावशींनीच हात पुढे केला. "आण इकडं. मी बी जितीच हाय, माझ्या गळ्यात घाल." आणि खरोखरच हार गळ्यात घालून त्या शेवटपर्यंत बसून राहिल्या.

बाई मग त्या माणसाबद्दल बोलल्या. आपल्या काळ्या लोकांसाठी बरोबरीचा हक्क मागितला म्हणून तिकडच्या गोऱ्या सरकारने त्याला जन्मठेप दिलेली. वर्षानुवर्षं एका बेटावर ठेवलेला, तिथे दगड फोडलेले. बायको भेटायला आली तरी मध्ये काच. त्याचा नवा फोटो बाहेर येऊ देत नाहीत, म्हणून हा तरुणपणीचा.

मी खाली मान घालून ऐकत होते. थोर म्हणजे होऊन गेलेला, असंच मी धरून चालले होते. बाकीच्यांचं काम संपलं होतं, नाव मागे राहिलं होतं. याचं काम अर्ध्यावर अडलेलं आणि हा आत. या क्षणी तो कुठल्या तरी भिंतीकडे बघत बसला असेल. त्याच्या गावच्या बोलीत त्याच्याशी बोलायला तिथे कोणी असेल का, हाच विचार माझ्या डोक्यात घोळत राहिला.

कार्यक्रम संपला. मी सतरंजीवरच्या पाकळ्या वेचल्या आणि कोणाच्या नजरेला न पडता निघायला लागले. दाराशी बाई चप्पल घालत होत्या.

"पुढच्या वेळी हार घालण्याआधी मला विचारायचं. कळलं?"

मी मान हलवली.

घरी कुलूप होतं. आत जाऊन मी तशीच बसून राहिले. बाई रागावल्या होत्या, यात शंका नव्हती. पण 'पुढच्या वेळी' असं म्हणाल्या होत्या.