दहा वाजताचा फोन

साध्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी झाला मला. नवरा कामापायी पुण्यात, चार वर्षांची पोरगी जवळा बाजारला माझ्या आईकडं, अन् कळमनुरीच्या खोलीत मी एकटी. पोरगी फोनवर रडते म्हणून आईनं तिला फोन देणंच बंद केलं. शेजारीण भाजीची वाटी उंबऱ्यावर ठेवायची, पण रिकामी वाटी परत न्यायची न्हाई. बाई गं, फळी भरली वाट्यांनी!

दवाखान्यानं गोळ्यांचा एक डबा दिला होता. सकाळी आठला तो वाजायचा. उघडला की दवाखान्याच्या कम्प्युटरवर हिरवी खूण, न्हाई उघडला तर लाल. लाल दिसली की दहाला तिथल्या ताईंचा फोन यायचा.

एकदा उठवेचना, डबा तसाच राहिला. फोन आला, "काहून हो बाई, गोळ्या घेतल्या न्हाईत? जेवलात का?" जेवलात का! किती दिवसांनी कुणी इचारलं होतं. फोन ठेवला अन् ढसाढसा रडले.

उठसूट कुणाला 'माझ्याशी बोला' म्हणणं मला जमत न्हाई. म्हणून अक्कल लढवली. सोमवारी डबा उघडला की मंगळवारच्याही गोळ्या काढून सुपारीच्या डबीत ठेवायच्या. मंगळवारी आठला बराबर गिळायच्या, पण डबा उघडायचा न्हाई. असा दिवसाआड दहाला फोन. "विसरले बघा ताई," म्हणायचं, अन् पोरीचं, वाट्यांचं सांगत बसायचं. एकही डोस बुडवला न्हाई मी. पोरीची शप्पथ.

तपासणीत बेडका साफ आला की पोरगी आणायची, असं ठरलं होतं. साफ आला! पण डॉक्टरांनी खुणांचा कागद पुढं सरकवला. एक हिरवी, एक लाल. "अर्ध्या गोळ्या बुडवल्या तुमी. या तपासणीवर भरवसा कसा ठेवू? महिन्यानं पुन्हा तपासू. तवर लेकरू आणू नका."

मी सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांना पटलं न्हाई. माझ्याच हातानं मी लेकराला महिनाभर लांब ढकललं.

आता डबा वाजला की लगेच उघडते. दहा वाजले की फोनकडं बघते. वाजला तर पोरगी अजून लांब जाईल. वाजू नये, असंच म्हणते, अन् तरी बघत बसते.