मामांनी पारखलेली गाडी

कुठलीही वस्तू घरात आणण्याआधी तिला दाबून, वाकवून आणि जमल्यास उन्हात चालवून पाहावं, असं मानणारे माझ्या बायकोचे मामा हे पृथ्वीवरचे शेवटचे गृहस्थ असावेत. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखली. आता दौंडजवळ भीमेकाठी त्यांचा ऊस आहे, दारात ट्रॅक्टर आहे, पण नजर अजून बाजारात मेंढी घ्यायला आलेल्या माणसाचीच. चप्पल घेताना ते तिचा अंगठा ओढून पाहतात. एकदा मिक्सर घेताना त्यांनी दुकानदाराला तो रिकामाच फिरवायला लावला, कान लावून ऐकला आणि "दमेकरी हाय" म्हणून परत केला. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोहे संपताच मामा उठले आणि म्हणाले, "चला, हीर दाखवतो." भर उन्हात मला विहिरीपर्यंत पळवत नेलं आणि तसंच परत आणलं. आल्यावर माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना एवढंच म्हणाले, "धाप लागत न्हाई. द्या पोरगी." माझ्या नोकरीची चौकशी त्यांनी आजतागायत केलेली नाही.

असा माणूस जुनी गाडी घ्यायला निघाला, तो मामींसाठी. मामींना गाडी लागते. एसटी लागते, जीप लागते, लग्नाच्या वऱ्हाडाची बस नुसती दारात येऊन उभी राहिली तरी लागते. त्यामुळे त्या कित्येक वर्षांत पाबळला गेल्या नव्हत्या, आणि पाबळला त्यांची थोरली बहीण, आक्का, अंथरुणाला खिळून होती. फोनवर आक्कांचं एकच असायचं, "कवा येतीस गं?" मामी पदराने फोन पुसत म्हणायच्या, "येते, गाडी घेत्याती ह्ये." म्हणून मामांनी ठरवलं की जिच्यात मामींच्या पोटातलं पाणी हलणार नाही अशीच गाडी घ्यायची, आणि त्या हिवाळ्यात शिरूर-दौंडकडच्या जुन्या गाड्यांची झडती सुरू झाली. एक दार लावताना खोकली म्हणून गेली, दुसरी मागच्या पायाने लंगडते म्हणून गेली. गाडीवाले मला फोनवर विचारायचे, "तुमचे मामा येणार आहेत का? मग राहू द्या."

शेवटी मला कारेगावात एक गाडी सापडली. मालक तिथल्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि त्यांची बदली झाली होती. गाडी पांढरी, उंच, अख्खं घर मावेल एवढी, मऊ चामड्याच्या सीटांची. इंजिनिअर कौतुकाने म्हणाले, "माइल्ड हायब्रिड आहे, मामा." मामांनी नाक मुरडलं. "हायब्रीड ज्वारीची भाकर खाल्ली हाय आमी. जनावरंबी तोंड फिरवायची." तरीही त्यांनी सीटा अंगठ्याने दाबल्या, टायर चाचपले, गाडीखाली उताणे झोपून पोट पाहिलं. मग खांद्यावरचा टॉवेल बॉनेटवर पसरून त्याखाली इंजिनिअरांचा हात धरला. मेंढरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, तोंडाने बोलायचं नाही, नुसती बोटं दाबायची. इंजिनिअरांना वाटलं, म्हातारबाबांना माया आली. त्यांनीही दोन्ही हातांनी मामांचा हात प्रेमाने हलवला. "कसला भाव सांगतोय ह्यो गडी!" मामा मला म्हणाले. शेवटी भाव तोंडानेच ठरवावा लागला.

पण जनावर चालवून पाहिल्याशिवाय सौदा पक्का होत नसतो. इंजिनिअर बिचारे स्वतः गाडी चालवत आम्हाला दौंडकडे घेऊन निघाले. मामा पुढे, डोळे मिटून, सारा जीव इंजिनाच्या आवाजात. मागे मी आणि मामी. येताना जीपने मामींचा जीव नकोसा केला होता, म्हणून त्यांच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात लिंबाची फोड. शिरूर मागे पडलं तशी पिशवी त्यांच्या हातातून घसरली. पाहतो तर मामी गाढ झोपलेल्या, बारीकसं घोरतसुद्धा होत्या. मी म्हणालो, "मामा, मामी झोपल्यात!" मामा डोळे न उघडता म्हणाले, "झोपू द्या. तिला काय कळतंय इंजिनातलं."

भीमेच्या पुलाअलीकडे उसाच्या ट्रॉलीचा टायर फुटला होता आणि गाड्यांची रांग लागली होती. आमची गाडी थांबली आणि इंजिन आपोआप बंद झालं. मामांनी खाडकन डोळे उघडले.

"मेली!"

"नाही मामा, ती मुद्दाम बंद होते. पेट्रोल वाचतं. निघताना आपली आपण चालू होते."

"आजारी मेंढी इकणाराबी आसंच म्हनतो, इसावा घेतीय म्हनून. चालता चालता जे जनावर गप हुतं, ते दावणीला बांधू ने."

इंजिनिअरांनी समजावलं, मी समजावलं. गाडी चालू होऊन पुलावरून गेलीही, पण मामांचं मन उठलं ते उठलंच. घराशी मामी जाग्या झाल्या. "आलं व्हय घर?" त्या थक्क होऊन म्हणाल्या. "अवो, ह्याच गाडीनं जाऊ आक्काकडं." मामा म्हणाले, "हिच्यापरीस चांगली बघू." आठवड्याभरात ती गाडी दुसऱ्याने नेली.

मामा तिच्याहून चांगली शोधत असतानाच एका सकाळी पाबळहून आक्का गेल्याचा फोन आला. भाड्याची जीप केली, मीही बरोबर होतो. मामींसाठी वाटेत इतक्यांदा थांबावं लागलं की आम्ही पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. मामी आक्कांच्या रिकाम्या खाटेवर हात ठेवून बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

परतताना पुलाजवळ पुन्हा उसाच्या ट्रॉल्या आडव्या. आमची जीप जागच्या जागी थडथडत होती आणि मामी खिडकीबाहेर डोकं काढून बसल्या होत्या. शेजारी तसलीच एक पांढरी गाडी आवाज न करता उभी होती. रस्ता मोकळा झाला तशी ती चालू झाली आणि अलगद पुढे निघून गेली. मामा ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले.

"जावईबापू," ते म्हणाले, "त्या दिशी ही घोरत हुती, न्हाई का?"

"हो मामा."

"आन् मी इंजिन ऐकत बसलो."

मामींनी डोकं आत घेतलं. मामांच्या चेहऱ्याकडे त्या क्षणभर पाहत राहिल्या. "तुमालाबी मळमळतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी आपल्या हातातली लिंबाची फोड मामांच्या हातात दिली. मामांनी ती दाबून पाहिली नाही, उलटसुलट केली नाही. नाकाशी धरली आणि घर येईपर्यंत तशीच धरून बसले.