मंडईतला सत्कार

भुपेंद्र एकोडीत टेकचंदांच्याच गल्लीत लहानाचा मोठा झाला. तरी त्याच्याबद्दल खात्रीनं सांगावं असं टेकचंदांपाशी फार थोडं होतं. शेतीचे पंप दुरुस्त करायचा, मान खाली घालून चालायचा, एवढंच.

मोबाईलवर पैशांच्या खेळात क्रिकेटची टीम लावून त्यानं एकदा मोटारसायकल येईल एवढे पैसे जिंकले आणि गाव हरखलं. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथं रात्रीचं दंडारीचं नाटक सुरू होण्याआधी गावातल्या गुणी पोराचा सत्कार होतो. आदल्या वर्षी नर्स झालेल्या राखीचा झाला होता. यंदा मंडईच्या कमिटीतल्या जागेश्वरनं भुपेंद्रचं नाव काढलं. शाल वडीलधाऱ्याच्या हातून द्यायची, म्हणून टेकचंदांना मंचावर ढकललं. हातात दिलेली चिठ्ठी त्यांनी माईकवर जशीच्या तशी वाचली, "तरुणांनी याचा आदर्श घ्यावा."

शाल घेता घेता भुपेंद्र कुजबुजला, "काकाजी, मी हा खेळ आता सोडून राहिलो. नशिबानं लागलं. माईकवर सांगा ना."

टेकचंदांनी घसा खाकरला. तेवढ्यात जागेश्वरनं माईक ओढला, "आता गावाची टीम आपला भुपेंद्रच लावन!"

टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवसापासून भुपेंद्रच्या दारात पंपाऐवजी पोरंच.

"भाऊ, कप्तान कोन घेऊ?"

"मले नाही समजत रे."

"वा! सोता कमावलं, अन् आमाले नाही म्हंतं!"

सांगावं आणि पोरांचे पैसे बुडावे तर शिव्या, न सांगावं तर 'माजला'. कमिटीनं चौकात लावलेल्या फलकावर त्याचा हसरा फोटो झळकत होता. लोकांच्या हट्टानं तो पुन्हा खेळू लागला, हरू लागला. पण हरलो म्हणायची सोय उरली नव्हती. कोणी ते खरं मानत नव्हतं.

एकदा तो टेकचंदांना म्हणाला, "शाल तुमी देली, काकाजी. कमिटीले तुमीच म्हना, बोर्ड काढा."

"पाहतो," टेकचंद म्हणाले. जागेश्वरच्या दारी ते दोनदा गेले. दोन्हीदा धानाचं विचारून परतले.

माघात भुपेंद्र टेकचंदांना थांब्यावर बॅग घेऊन उभा दिसला. हैदराबादेत काम धरलं, हे गावाला मागाहून कळलं. तिथून तो परतला नाही.

"बाहेरगावाले चालला का रे?" टेकचंदांनी त्या दिवशी थांब्यावर विचारलं.

"हो, काकाजी. साकोलीवरून गाडी आहे."

"जेवला का?"

"जेवलो. तुमी उन्हात नोका उभे राहू. जा घरी."

"बरं," टेकचंद म्हणाले.