मनोऱ्यावरचे व्याही

आमच्या मुलाचं लग्न वसईजवळच्या वटार गावातल्या मुलीशी झालं आणि आम्ही दोन्हीकडचे आईवडील एकमेकांशी इतके नम्र वागायला लागलो की बघणाऱ्याला वाटावं, यांच्यात काहीतरी बिनसलंय. ते कॅथलिक, पिढ्यान्‌पिढ्या वसईतले. आम्ही साताऱ्याकडचे, नोकरीपायी इथे येऊन फ्लॅट घेतलेले. "तुम्ही घ्या ना," "छे, आधी तुम्ही," यातच दर भेटीत चहा गार व्हायचा. लग्नाला वर्ष होत आलं तरी हेच. शेवटी सून वैतागून म्हणाली, "तुम्ही चौघं कुठेतरी जाऊन या बघू. आम्ही नाही येणार."

माझ्या नवऱ्याला निवृत्तीनंतर इतिहासाची लागण झाली आहे. त्यांनी लगेच वसईचा किल्ला ठरवला. म्हणाले, "लोक दरवाज्यापाशी फोटो काढतात आणि परत फिरतात. आत अख्खं गाव पडलंय. घरं, गल्ल्या, विहिरी, देवळं..."

"चर्च," मी म्हटलं.

"चर्च," ते म्हणाले.

थंडीतला एक रविवार. व्याह्यांची चर्चमधली मिस्सा आटोपली आणि आम्ही किल्ल्याच्या दाराशी भेटलो. व्याही शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, विहीणबाईसुद्धा. त्या स्वतः केळीची वाडी सांभाळतात आणि आमच्याशी मोजकंच बोलायच्या. मास्तर इस्त्रीच्या पांढऱ्या पँटमध्ये आले होते. आमच्या ह्यांच्या डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, पाठीवर सॅक आणि हातात इंटरनेटवरून छापून आणलेला नकाशा.

आत शिरलो आणि पहिल्याच वळणावर नकाशा संपला. नकाशात रस्ता होता तिथे वडाने भिंत गिळली होती. भिंत होती तिथे बकऱ्या चरत होत्या. छप्पर उडालेल्या घरांतून झाडं वर आली होती, खिडक्यांना फक्त दगडी चौकटी उरल्या होत्या. हे दर पडक्या घरापुढे थांबून सांगू लागले, की इथे घोडे बांधत असणार.

"स्वयंपाकघर असेल," मास्तर हळूच म्हणाले. "भिंत बघा, काळी आहे."

"ती आपल्या लोकांनी लावलेली आग. किल्ला जिंकला ना आम्ही!"

आमचे हे सोसायटीत पार्किंगची जागासुद्धा जिंकू शकलेले नाहीत, पण "आम्ही" म्हणताना छाती पुढे आली होती. मास्तरांनी चष्मा पुसला. "जिंकलात ते ठीक. पण मग गाव असं ओसाड का पडू दिलंत?"

"म्हणजे, मी?"

"आता तुम्हीच 'आम्ही' म्हणालात."

मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या एका चिंचेच्या झाडाकडे बघत होत्या, पण ओठ घट्ट मिटले होते. हसू दाबायचं असलं की मीही असेच मिटते.

पुढे एका पडक्या चर्चचा मनोरा लागला. आत अंधारा, गोल दगडी जिना. मी म्हटलं, वर जाऊ नका. त्यामुळे हे वर गेले. वरून शिट्टी वाजली. मग टोपी दिसली आणि आवाज आला, "सुंदर! अतिसुंदर!" त्यानंतर बराच वेळ काहीच आलं नाही.

"अहो, या आता खाली."

"बघतोय जरा."

"काय बघताय?"

"भाईंदर."

भाईंदर बघायला एवढा वेळ कुणालाही लागत नाही. मास्तरांनाही ते पटलं असावं. "मी घेऊन येतो त्यांना," म्हणत ते पँट सावरत जिन्यात शिरले. थोड्या वेळाने वर दोन डोकी दिसायला लागली. दोघंही भाईंदर बघत होते.

तेवढ्यात एक फोटोग्राफर आला. मागून साखरपुडा झालेलं जोडपं, मुलीच्या अंगावर जमिनीवर लोळणारा लाल झगा. त्याला नेमका तोच मनोरा मागे हवा होता. कॅमेरा डोळ्याला लावून तो ओरडला, "अंकल, फ्रेममध्ये येताय! थोडं खाली बसा ना!"

दोघं अदृश्य झाले. मुलीने मान तिरकी केली, मुलाने तिच्या कपाळाला कपाळ लावलं, आणि बरोब्बर तेव्हा कठड्यावर एक टोपी उगवली.

"अंकल!"

टोपी बुडाली. मग मास्तरांचं टक्कल उगवलं. हा प्रकार इतका वेळ चालला की नवरा मुलगा खाली दगडावर बसून हसायला लागला, मुलगी त्याच्यावर चिडली आणि फोटोग्राफर दुसरा मनोरा शोधायला गेला.

मी विहीणबाईंना विचारलं, "यांना उतरता येत नाहीये, हो ना?"

"केव्हापासून," त्या म्हणाल्या. "मास्तर वाडीतल्या शिडीवरून पण मलाच हाका मारतात."

तरी त्यांनी काही घाई केली नाही. पिशवीतून त्यांनी सुकेळी काढली, उन्हात सुकवलेली, मधासारखी गोड केळी. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारच्या पडक्या घराच्या उंबऱ्यावर आम्ही बसलो. उंबरा मधोमध झिजून खोलगट झाला होता. त्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "कुणीतरी बाई इथे रोज उभी राहत असेल. नवरा अजून का नाही आला, म्हणून बघत."

"तीही जेवून घेत असेल का हो?"

त्या हसल्या. मोठ्याने, अगदी खांदे हलवून. वर्षभरात मी पहिल्यांदाच त्यांचं हसणं ऐकत होते.

वरून मास्तरांचा आवाज आला, "आम्हाला ठेवा थोडं!"

मग आम्ही दोघी मोबाइलचा उजेड धरून जिन्यात शिरलो. वटवाघळं डोक्यावरून फडफडली, पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. अर्ध्यावर थांबून विहीणबाईंनी आपल्या घरच्या बोलीत वर काहीतरी सुनावलं. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. मग मी साताऱ्याच्या आवाजात माझा वाटा उचलला. "बसा! पायरीवर बसा म्हणतेय! आता एकेक पायरी घसरत या. खाली बघायचं नाही!"

दोन निवृत्त गृहस्थ बसल्या बसल्या खाली यायला लागले. प्रत्येक पायरीला "आई गं" आणि "जेजू" असे दोन्ही धर्मांचे धावे ऐकू येत होते. मास्तर पुढे होते, आमचे हे त्यांच्या खांद्याला घट्ट धरून मागे. बाहेर उजेडात आले तेव्हा पांढरी पँट मागून हिरवीगार झाली होती. ह्यांनी सॅकमधली शाल काढून मास्तरांच्या कमरेला गुंडाळली.

"वर एक गोष्ट कळली," मास्तर धपाटा खाता खाता म्हणाले. "ते खरोखर स्वयंपाकघर होतं. वरून चूल दिसते."

ह्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "दिसते. पण शेजारच्या घरात घोडे होते."

"असतील," मास्तरांनी मान्य केलं.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. तिने विचारायच्या आत हे तिला सांगायला लागले, की वरून काय अप्रतिम दृश्य होतं आणि तिचे बाबा काय धाडसी माणूस आहेत. तिकडे मास्तरही फोनवर माझ्या मुलाला हेच सांगत होते म्हणे. मी आणि विहीणबाईंनी ते खोडून काढलं नाही. आता वाडीत केळफूल निघालं की त्या मला थेट फोन करतात आणि "तुम्ही"वरून "अगं"वर आल्यात. चहा मात्र अजूनही गार होतो, कारण आम्ही बोलतच बसतो.