मधोमध पाय ठेवायचा नाही

...तर काल सांगत होतो, तो नवा घोडा तबेल्यात ठाणाच्या दारातच अडला. चारही पाय रोवून उभा. मोतद्दारानं चुचकारलं, गूळ दाखवला, पण उंबऱ्याच्या आत खूर टाकेल तर शपथ.

"म्हातारा आहे अजून आत," नालबंद हळूच म्हणाला. कोणी हसलं नाही.

म्हातारा म्हणजे तिथला जुना वळू घोडा. शर्यतीतला लांब पल्ल्याचा गडी. अर्धी शर्यत सगळ्यांच्या मागून रमतगमत यायचा; लोक म्हणायचे, आलं वरातीमागून घोडं. शेवटच्या वळणावर मात्र पुढच्यांचा दम संपायचा आणि याचा सुरू व्हायचा. पुढं त्याला पैदाशीला ठेवलं. आवारातली निम्मी शिंगरं त्याच्याच तोंडावळ्याची. शर्यतीत काय नि पैदाशीत काय, खरारा या एकाच मोतद्दाराच्या हातचा. हिवाळ्यात म्हातारा गेला, तरी मोतद्दार त्याचं रिकामं ठाण रोज झाडायचा.

आता मॅनेजरनं बजावलं होतं, "आज घोडा आत गेला नाही, तर भिंत पाडून चाऱ्याची कोठी करतो." ठाण राखायचं, तर ते दुसऱ्याला द्यायला हवं होतं.

घोडं पेंड कुठं खातं, ते ध्यानात आलं त्याच्या बायकोच्या. ती डबा घेऊन आली होती. म्हणाली, "अहो, तुम्ही झाडायला आत कसे जाता, ते आठवा जरा."

मोतद्दाराला आठवलं. म्हातारा एका डोळ्यानं आंधळा. दचकू नये म्हणून आधी 'सरक बाबा' म्हणायचं, मग भिंतीला पाठ घासत आत शिरायचं. रिकाम्या ठाणातही मोतद्दार तसाच शिरायचा. आणि समोर तात्पुरता बांधलेला नवा घोडा ते रोज बघायचा.

"मधून चाला," बायको म्हणाली. "दिसू दे त्याला, आत कोणी नाही ते."

मोतद्दारानं दोर सैल धरला आणि पहिल्यांदाच त्या ठाणाच्या मधोमध पाय टाकला. मध्यावर पाऊल जड झालं. मानेवर ऊन ऊन श्वास आला. नवा तर अजून दारातच होता. मोतद्दार थांबला नाही. मग मागं खुरं वाजली. नवा आत आला, पण भिंतीला अंग घासत, आणि मधली जागा सोडून उभा राहिला.

"आला बाई एकदाचा," बायको म्हणाली. "म्हणजे म्हातारा हरला म्हणायचं."

मोतद्दार त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हरतोय कशाला? लांब पल्ल्याचा गडी तो. आधी सगळ्यांना पुढं जाऊ देतो."