आमच्या पिकअपचे टायर आणि रफिकचाचा

टायरच्या दुकानात किस्से का साचतात, सांगू? चाकं काढली की गाडी जॅकवर, आणि गाडीवाला बाकड्यावर. जाणार कुठं? चहा येतो, बोलणं निघतं. लोह्याला रफिकचाचांच्या दुकानात त्या बाकड्यावर मी इतकी बसलेय, की माझं नाव टाकायला हरकत नाही!

आमची रोपवाटिका आहे. आंबा, पेरू, लिंबाची रोपं भरून मी स्वतः पिकअप चालवते, नांदेड ते लातूर. गाडी जुनी, पण गुणी.

*

पहिल्यांदा गेलो तेव्हा चाचांनी टायरवरनं हात फिरवला. गुळगुळीत! नक्षी नावालाही नाही.

"ताई, ह्ये टायर हाय का चकचकीत फरशी?"

नवे घ्यायचं ठरलं. आमच्या ह्यांची नजर मात्र कोपऱ्यातल्या जाडजूड, खोल खाचांच्या टायरवर. कुणाच्या तरी जीपला बघितले होते. "तसलेच टाका! गाडी कशी रुबाबदार दिसंल."

चाचा शांतपणे म्हणाले, "भाऊ, गाडी चिखलात चालवता का डांबरी रोडवर?"

"रोडवरच की."

"मग नांगर कशाला जुंपून राहिले?"

रस्त्याचे साधे टायर बसले. झिजलेल्या टायरचा तो घूंऽऽ आवाजच गेला. मी पहिल्यांदा गाडीतलं रेडिओचं गाणं नीट ऐकलं!

*

एकदा आमच्या पुढं धर्माबादचा एक मिरचीवाला होता. गाडी मिरचीच्या पोत्यांनी खच्चून भरलेली. त्यानं टायर पसंत केले, चाचा भाव सांगायला तोंड उघडतात तोच, "आऽऽक्छी!"

मिरचीवाला दचकला. "शिंकलात?"

"न्हाई, ते जरा... आऽऽक्छी!"

तो उठलाच. "चाचा, चांगल्या कामाला शिंक आडवी आली. आज नको टायर."

चाचा डोळे पुसत ओरडले, "आरं, मिरची तुझी, शिंक माझी, आन् अपशकुन टायरचा व्हय रे!"

तो इतका हसला, की परत बसला. टायर बसवूनच गेला. अर्थात आम्ही सगळे शिंकतच होतो.

*

स्टेपनी तेवढी जुनी राहिली होती. ह्यांच्या नांदेडच्या एका मित्रानं टायर फुकट दिला. गच्चीवर कितीतरी वर्षं पडून होता. हे ऐटीत घेऊन आले, "चाचा, नवा कोरा! एकदा बी रस्त्यावर चालला न्हाई."

चाचांनी टायर वाकवून दाखवला. कडेला बारीक बारीक भेगा.

"पण चाललाच न्हाई ना!" हे हट्टाला पेटले.

"भाऊ, माझा साडू जन्मात कधी कामाला गेला न्हाई. म्हणून काय केस पांढरे व्हायचे ऱ्हायले का?"

तो टायर आता आमच्या अंगणात आहे. त्यात मोगरा लावलाय. लई फुलतो!

*

सासूबाईंना मात्र नवे टायर पटले नव्हते. एकदा दुकानात आल्या, तर चाचांना तोंडावर म्हणाल्या, "जुन्याला काय धाड भरली होती? गोल तर होते!"

"आक्का, गोल तर भाकर बी असती," चाचा म्हणाले. "गाडीला लावायची का?"

सासूबाई फणकारल्या. पुढं काही दिवसांनी मी लातूरला रोपं घेऊन निघाले, त्या शेजारी बसलेल्या. अचानक एक वासरू दोर तोडून थेट गाडीपुढं! मी ब्रेकवर उभीच राहिले. गाडी सरळ रेषेत थांबली. वासराचं शेपूट बंपरला लागून गेलं असेल, बस्स. मागं एक रोप कलंडलं नाही. सासूबाई डोळे मिटून, हात जोडून बसलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं. आत गरम ज्वारीच्या भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी.

"त्या रफिकभाईला दे. गोल हाय म्हणावं!"

*

आणि ही गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी सहज दुकानात डोकावलो, तर चाचा एकटेच, घामानं डबडबलेले, छातीवर हात. "गॅस झाला असंल," म्हणाले. पण चेहरा पांढराफटक पडला होता. अँब्युलन्सची वाट बघण्यात अर्थ नव्हता. ह्यांनी त्यांना उचलून पिकअपमध्ये बसवलं, घट्ट धरलं. चाचांच्या मुलाला फोन केला, आणि मी नांदेडचा रस्ता धरला. हॉर्नवरचा हात काढला नाही.

अर्ध्या वाटेत चाचांचे ओठ हलले. ह्यांनी कान जवळ नेला.

"मागच्या... डाव्या चाकात... हवा कमी हाय."

"चाचा, गप बसा हो!" मी रडत ओरडले.

दवाखान्यात लगेच आत नेलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. "वेळेत आणलंत. आता धोका नाही." चाचांचा मुलगा ह्यांच्या गळ्यातच पडला. मी भिंतीला टेकून खाली बसले. कुणाकुणाचे आभार मानू, कळेना. देवाचे, डॉक्टरांचे, गाडीचे!

संध्याकाळी भेटायला सोडलं. चाचांनी बोटानं जवळ बोलावलं. मला वाटलं, पोराबाळांचं काही सांगायचं असेल.

"भरली का हवा?"

मी हसू का रडू! हे तसेच खाली पळाले, पार्किंगमध्ये. धापा टाकत परत आले आणि दारातनंच म्हणाले, "चाचा, मागचं डावं पार बसलंय!"