रेबेकाचा शनिवार

नवऱ्याचा विषय निघाला की रेबेका अष्टमकर एक वाक्य हटकून म्हणायची, "शनवारी हात लावत नाय हो ते!" हात कशाला, हे सांगावं लागत नसे. रोह्याच्या नदीपलीकडे अष्टमी गावात सगळ्या आळीला ठाऊक होतं. सॅम्युएलला फोनवरच्या रमीचा नाद लागला होता, तोही पैसे लावून. कंपनीतला नावाजलेला फिटर, बोलायला गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण चार वर्षांत बायकोच्या पाटल्या, लेकीच्या नावची ठेव आणि चारचौघांतली पत, सगळं त्या एवढ्याशा काचेत गेलं.

शनिवार तेवढा राहिला होता. बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, तो शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून पूर्ण विश्रांतीचा दिवस. नातेवाईक बहुतेक इस्रायलला गेलेले, प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमायची मारामार. तरी हे घर शब्बाथ पाळत होतं. शुक्रवारी रेबेका दिवे लावायची, काळ्या मनुकांचं सरबत काढायची. त्याआधी सॅम्युएल स्वतः फोन बंद करून तिच्या हातात द्यायचा आणि ती तो कपाटात घालून कुलूप लावायची. शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन तारे दिसले की शब्बाथ संपायचा; तोवर नवरा तिचा!

त्या दिवशी तो शेजारी बसून जेवायचा, कोंबडीचा रस्सा मागून घ्यायचा, कुणाकुणाच्या नकला करून तिला हसवायचा. दुपारी पलंगावर पडायचा. संध्याकाळी मात्र लवकरच अंगणात जाऊन वर बघत उभा राहायचा. माणूस किती देवभक्त, म्हणून रेबेकाचा ऊर भरून यायचा. बिचारी! उरलेले सहा दिवस ती याच एका दिवसाच्या जोरावर काढत होती.

लेक शीरा पेणला दिलेली. तिथल्या नमिता मॅडम असल्या नादातून माणसांना बाहेर काढतात, असं तिला कळलं होतं. "आई, बाबांना एकदा घेऊन ये," म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती.

"त्यांना काय येड लागलंय?" रेबेका उसळायची. "मनात आणलं तर सोडतील. शनवारी राहतातच ना?"

"हा आजार हाय, आई. मनात आणून ताप उतरतो काय?"

रेबेका फोन ठेवून द्यायची. सॅम्युएलही हेच ऐकवायचा, "ठरवलं तर सोडतो गो मी. शनवारी शिवतो का?" तिला ते पटायचं, कारण ते खोटं निघालं तर तिच्याकडे काहीच उरत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात शीरा एका शुक्रवारी माहेरी आली. शनिवारी दुपारी मायलेकी बोलत बसल्या होत्या. समोर पलंगावर सॅम्युएल डोळे मिटून पडलेला. त्याचा उजवा अंगठा चादरीवर हलत होता. डावीकडून उजवीकडे सरकायचा, थांबायचा, एकदा टेकायचा, पुन्हा सरकायचा.

"हे कधीपासनं?" शीराने हळूच विचारलं.

"नेहमीचंच. प्रार्थनेचे शब्द मोजतात मनात."

शीरा बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. "आई, ते पत्ते लावतायत गो."

रेबेका तिच्यावर खेकसली. पण नजर काही केल्या हलेना. सॅम्युएलच्या कपाळाला घाम आला होता. मध्येच ओठ आवळले जात, मध्येच तो खूश झाल्यासारखा सुस्कारा टाकी. आठवडाभर फोन हातात असताना हाच चेहरा तिने पाहिला होता.

संध्याकाळी आभाळ गच्च भरलेलं. एकही तारा दिसायची सोय नव्हती. सॅम्युएल अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून अंगणात येरझाऱ्या घालत होता. "तुला दिसतोय काय गो एखादा? नीट बघ ना!" त्याच्या आवाजात देव कुठेच नव्हता. रेबेकाने कंबरेची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. तारे विसरून तो तडक कपाटाकडे गेला. ती आत जाऊन शीराला म्हणाली, "घे वेळ तुझ्या त्या मॅडमची."

सोमवारी रजा टाकून सॅम्युएल निघाला खरा, पण बायकोची समजूत काढायला निघाल्यासारखा. नागोठणं गेलं, गडब गेलं, एसटी पेणला पोचली.

नमिता मॅडमनी आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाल्या, "न खेळता एखादा अख्खा दिवस जातो का हो?"

सॅम्युएल ताठ बसला. "जातो की! दर शनवारी. हिला विचारा."

मॅडम रेबेकाकडे वळल्या. नवऱ्याला परक्यांसमोर खोटं पाडायची वेळ तिने आयुष्यात कधी येऊ दिली नव्हती. नुसती 'हो' म्हणून मान हलवली असती तर दोघं तशीच घरी आली असती आणि पुढचा शनिवारही तिला मिळाला असता.

"नाय," रेबेका म्हणाली. "शनवारी पण खेळतात. फोन नसतो, एवढंच."

सॅम्युएल चिडला नाही. खांदे मात्र उतरले. मग त्याने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"परवा."

"मला पहिल्यापासनं ठाऊक हाय गो. अख्खा दिवस डोक्यात पत्तेच पडत असतात. तुझ्याशी हसत होतो ना, तेव्हापण." त्याने मान खाली घातली. "म्हटलं, हिला एक दिवस तरी मिळू दे."

रेबेका त्या परक्या बाईसमोर मोठमोठ्याने रडू लागली.